मागे आलेलं प्यादं

सही कुठे करायची ते कळावं म्हणून संपादकांनी कागदाच्या तळाशी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती, आणि तिला पहिला राग आला तो त्या फुलीचा. फुली वाकडी होती. साप्ताहिकाच्या या कचेरीत छत्तीस वर्षं नकाशे, शब्दकोड्यांच्या चौकटी आणि बुद्धिबळाचे पट आखताना तिने एक रेघ कधी केसभर तिरकी जाऊ दिली नव्हती. पोलादी पट्टी सदानकदा हातात, म्हणून सगळे तिला पट्टीबाई म्हणत, आधी पाठीमागे आणि अलीकडे तोंडावरसुद्धा. आणि त्या बाईने चूक कबूल करायची ती असल्या फुलीवर! कागदावर मोजून तीन ओळी होत्या. बुद्धिबळाच्या सदरात आरेखकाच्या हातून एक प्यादे भलत्याच घरात छापले गेले. त्यामुळे सदरकर्त्यांच्या मूळ डावाचा विपर्यास झाला. आरेखक दिलगीर आहेत. ती वाचत होती तोवर संपादक खिडकीबाहेर बघत होते. माणूस वाईट नव्हता. भिडस्त होता, आणि भिडस्त माणसाला कोणावर तरी कठोर व्हावंच लागतं, मग तो ज्याची भीड कमी त्याला शोधतो.

“एक सही तर आहे, बाई,” ते म्हणाले. “गुरुजी भयंकर चिडलेत. उद्या दुपारी पान छपाईला जायचंय.”

“आणि नाही केली तर?”

“तर सदराचं काम तुमच्याकडून काढून घ्यायचं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. आता तुम्हीच बघा, नकाशे बाहेरून येतात, कोडी बाहेरून येतात. हे एक काम गेलं तर तुमचं टेबल मी कशाच्या आधारावर ठेवू?” मग त्यांनी आवाज मऊ केला. “शिवाय तुमचेच दादा आहेत ना. तुम्हीच समजून घ्यायचं.”

तुम्हीच समजून घ्यायचं. हे वाक्य तिच्या इतक्या ओळखीचं होतं की ते कोण बोलतंय याने काही फरक पडत नव्हता. अण्णा बोलले होते, आई बोलली होती, ज्यांच्याशी लग्न ठरता ठरता राहिलं ते गृहस्थसुद्धा जाताना तेच बोलले होते. आणि तिने घेतलंही होतं समजून, प्रत्येक वेळी, पहिल्या नंबरने पास होणाऱ्या मुलीसारखं. तिने पट्टीची कड लावून कागदाची चौपदरी घडी घातली, खालच्या खणातला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा पिशवीत टाकला आणि म्हणाली, “दादाला भेटून येते.”

“आत्ता? कामाच्या वेळेत?”

“हे कामच आहे,” ती म्हणाली आणि जिना उतरली.

रस्त्यावर अकराचं ऊन होतं आणि रंगाऱ्यांनी एका इमारतीला बांबूंची परांची बांधली होती, तिच्या सावलीच्या चौकटी फुटपाथवर पडल्या होत्या. ती त्या चौकटींतून चालली आणि आपण पांढऱ्या घरांवरच पाय ठेवतो आहोत हे तिच्या लक्षात आलं, तसं तिने मुद्दाम काळ्यावर ठेवला. डब्यात दादाच्या चिठ्ठ्या होत्या. अकरा वर्षांच्या. दर गुरुवारी दादाचं पाकीट येई, त्यात एका कागदावर डावाची मांडणी आणि खाली उत्तर. ती रबरी शिक्क्यांनी पटावर एकेक मोहरं उठवी, उत्तर पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवी, झालं. सदराखाली दादाचं नाव. क्लबातली माणसं त्याला गुरुजी म्हणत. अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा एका चिठ्ठीत तिला खोट सापडली होती. मात होतच नव्हती, एक उंट आडवा येत होता. तिने भाबडेपणाने फोन केला होता. दादा म्हणाला होता, “तू शिक्के मार. विचार मी करतो,” आणि फोन ठेवला होता. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली, आणि तिने शिक्केही मारले आणि विचारही केला. उंट एक घर सरकवला, उत्तरातली एक चाल बदलली, डाव सुटसुटीत झाला. कोणाला कळलं नाही. दादा आपलं छापलेलं सदर कधी वाचत नसे, स्वतःचंच लिहिलेलं काय वाचायचं म्हणे. मग दोन-तीन महिन्यांनी आणखी एक खोट निघाली. मग महिन्याला एक. या वर्षी तर असा गुरुवार गेला नव्हता की तिला काही पोटात घालावं लागलं नाही. आणि दादाचं अक्षर वाढत चाललं होतं. पूर्वी अख्खा डाव पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात मावायचा, आता मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजू पुरत नव्हत्या. तिने ते पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं ठरवलं होतं, कारण एकदा पाहिलं की बोलावं लागलं असतं, आणि बोललं की पुन्हा तो फोन आपटणार.

तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारची गोष्ट मात्र वेगळी होती, आणि ती कबूल करायला ती तयार होती, पण त्या कागदावर नव्हे. चिठ्ठीत काळा राजा कोपऱ्यात होता. त्याच्या तिरक्या घरात त्याचं स्वतःचं एक प्यादं. दुसरं प्यादं दादाने राजाच्या थेट पुढ्यातून दोन घरं पुढे मांडलेलं. राजाच्याच रांगेत लांबवर काळा हत्ती. पांढऱ्याचा घोडा कडेने राजाच्या अंगावर आलेला, आणि पांढरा वजीर पटाच्या मधून तिरका रोखलेला. उत्तरात दादाने पहिली चाल घोड्याची दिली होती; मग म्हणे राजा कोपऱ्यात अडकतो. अडकेल कशाला? पुढ्यातलं घर मोकळं होतं, राजा पायात चपला घालून सावकाश बाहेर पडला असता. नेहमीप्रमाणे तिने दुरुस्ती शोधायला घेतली, दादाला शोभेलशी. म्हणजे सावध, हातचं राखून केलेली, काही न गमावता जिंकणारी. दादाचे सगळे डाव तसेच असत. चहा निवला. शेजारच्या टेबलावरची बाई जेवायला गेली आणि परत आली. आणि कधीतरी, ती नुसतीच पटाकडे बघत असताना, तिच्या मानेमागून काहीतरी थंडगार खाली उतरत गेलं, कारण तिला वजीर दिसला. वजीर उचलायचा आणि थेट राजाच्या शेजारच्या घरात नेऊन ठेवायचा, उघड्यावर, मारा म्हणून. राजाला तो मारता येत नाही, त्या घरावर घोड्याची नजर आहे. मारायचा तर हत्तीनेच, आणि मारावाच लागतो, दुसरी चालच नाही. हत्ती धावत येतो, वजीर घेतो, आणि त्याच घरात बसतो जे राजाला शेवटचं उरलं होतं. मग घोड्याची एक उडी. राजाला शह, आणि भोवती सगळी त्याचीच माणसं, दाटीवाटीने, प्रेमाने म्हणा हवं तर. फक्त पुढ्यातलं ते प्यादं दोन घरं मागे, आपल्या मूळ जागी हवं होतं. प्यादं मागे येत नाही हा खेळाचा अगदी पहिला नियम. पण ती खेळत नव्हती, मांडत होती. तिने शिक्का शाईत बुडवला आणि प्यादं मागे आणून उठवलं. त्या संध्याकाळी घरी जाताना ती एक थांबा आधीच उतरली होती, कारण बसमध्ये बसून राहवेना.

डाव छापून आला, पुढच्या अंकात उत्तर आलं, आणि काल रविवारी क्लबातल्या म्हाताऱ्यांनी म्हणे दादाभोवती कोंडाळं केलं. गुरुजी, वजीर दिलात! या वयात! आम्हाला वाटलं तुम्हाला जमायचं नाही! कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने तिथेच एकाकडून छापलेली मांडणी वदवून घेतली, त्यालाच नंबर फिरवायला लावला आणि संपादकांना फोन केला. चुकीबद्दल माणूस चिडतो हे तिला समजत होतं; कौतुकाबद्दल चिडणारा हा एकटाच असेल. पण तेही तिला समजत होतं, हीच तर तिची खोड. वजीर द्यायचा नाही हे दादाला अण्णांनी शिकवलं होतं, आणि अण्णांनी शिकवलेलं दादा विसरत नसे.

अण्णा शाळेत कवायत शिकवत. घरी रोज संध्याकाळी कवायतीसारखाच बुद्धिबळाचा तास. दादा चौदा वर्षांचा, आंतरशालेय स्पर्धा खेळणारा, म्हणून त्याला पांढरी मोहरी. ती अकरा वर्षांची, समोर बसायला कोणीतरी हवं म्हणून बसवलेली, तिला काळी. “तू फक्त खेळत राहा,” अण्णा म्हणत. “जिंकायच्या भानगडीत पडू नकोस. स्पर्धेआधी त्याचा धीर खचता कामा नये.” आणि ती हरे. हरणं हीही कला असते, कुठे हरायचं हे आधीच बघून ठेवावं लागतं, म्हणजे जिंकायची वाट माहीत असावी लागते. तिची बुद्धी अशी उलट्या बाजूने तयार झाली. मग एके दिवशी काय झालं कोण जाणे. गॅलरीत आई कपडे वाळत घालत होती, ओल्या चादरीचा फटकारा ऐकू आला, आणि तिने आपला वजीर उचलून दादाच्या राजासमोर ठेवला. दादाने तो घेतला. घेताना हसला. पुढच्या चालीला मात होती. तिने घोड्याला बोट लावलं, घोडा गुळगुळीत होता आणि त्याचा एक कान उडालेला होता, आणि त्याच क्षणी अण्णांचा तळवा पटावरून फिरला. मोहरी फरशीवर. “वजीर फुकट घालवतेस? खेळाची अक्कल नाही तुला. ऊठ.” अण्णांना मात दिसली होती का? इतकी वर्षं ती हाच प्रश्न उलटसुलट करत होती. दिसली नसेल तर ते अडाणी होते आणि दिसली असेल तर त्याहून वाईट. दादा फरशीवरून मोहरी गोळा करत होता. तो काही बोलला नाही. घोडा कपाटाखाली गेला होता, तो तिनेच काढून दिला.

त्या दिवसाची आठवण आली की तिला रडू येत असे. आज आलं नाही. आज बसमध्ये उभ्या उभ्या तिचा जबडा दुखायला लागला, तेव्हा कळलं आपण दात आवळून उभ्या आहोत. कोणाला वाटेल ही बाई स्वतःला तो वजीर समजत असेल, सगळ्यांसाठी मेलेली वगैरे. छट. मरणारा वजीर लाकडाचा असतो, त्याला काय कळतं? ती वजीर देणारी होती. तिने अकरा वर्षं दादाला पाठीशी घातलं ते बावळट होती म्हणून नव्हे, तिला जमत होतं म्हणून. आणि आता हे लोक तिच्याकडून लिहून मागत होते की तिने आयुष्यात विचार करून एक चाल केली, ती चुकून झाली.

दार वहिनीने उघडलं. “अगंबाई, तू? सोमवारची?” असं म्हणत तिने हातातली पिशवी घेतली आणि दबक्या आवाजात सांगितलं, “कालपासून धुमसताहेत. जेवलेसुद्धा नाहीत धड. तू आपली माफी मागून मोकळी हो गं, म्हणजे घरात शांतता.” दादा खिडकीशी बसला होता, समोर पट मांडलेला. बाहेर एवढं लख्ख ऊन आणि खोलीत दिवा चालू. तो वळला, पण तिच्या तोंडाकडे नाही, तिच्या खांद्याकडे बघत राहिला.

“सही केलीस?”

“नाही.”

“मग आलीस कशाला?”

“खेळायला,” ती म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. तिने पट फिरवून घेतला. दादाने सवयीने हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, “पांढरी माझी.”

“तू काळी घेतेस.”

“घेत होते.”

तिने मोहरी काढून टाकली आणि तो डाव मांडला. राजा, हत्ती, दोन प्यादी, घोडा, वजीर, आपला राजा. दादा बोटांच्या टोकांनी एकेक मोहरं चाचपत होता, भाजी निवडणाऱ्या माणसासारखं, आणि या वेळी तिने ते पाहिलं. दादाची बोटं प्याद्यापाशी थांबली.

“हे इथे नव्हतं.”

“नव्हतं. मी आणलं.”

“चुकून.”

“मुद्दाम,” ती म्हणाली. “तू ठेवलं होतंस तिथे ठेवलं तर राजा बाहेर पडतो. मात होत नाही. करून बघ.”

दादाने प्यादं उचललं, पुढे ठेवलं, घोडा चालवला, राजा सरकवला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं, आणि मग प्यादं मागे, तिने ठेवलं होतं तिथे आणून ठेवलं. वहिनी दारात सरबताचे पेले घेऊन उभी होती, ती आत यायची विसरली.

पट्टीबाईने वजीर उचलला. राजाच्या शेजारी ठेवला. “शह. घे.”

“वजीर देतेस?”

“हो.”

“आणि मी नाही घेतला तर?”

“दुसरी चाल दाखव.”

तो शोधत बसला. राजाने घेता येतो का बघितलं, घोडा आडवा आला. प्याद्याने घोडा मारावा म्हटलं तर शह उठत नव्हता. खाली रस्त्यावर कोणीतरी लोखंडी शटर वर ढकललं. दादाच्या कपाळावर घाम आला होता. तिला एकदम त्याची दया आली, मोठीच लाट आली म्हणायची, आणि तिच्या तोंडाशी शब्द आले, राहू दे दादा, जेवून घे. छत्तीस वर्षांची, सेहेचाळीस वर्षांची सवय ती. तिने ओठ घट्ट मिटले. दादाने शेवटी हत्ती आणला आणि वजीर घेतला. या खेपेला तो हसला नाही. मग त्याचा हात पटावर तसाच तरंगत राहिला, तळवा पसरलेला, अगदी अण्णांचा तळवा, तेच जाड आंगठे, आणि तो खाली यायला लागला तसं तिने त्याचं मनगट धरलं.

“हात मागे घे, दादा,” ती म्हणाली. आवाज चढवायची गरज पडली नाही. “माझी चाल राहिलीय. सेहेचाळीस वर्षं राहिलीय.”

त्याने हात मागे घेतला. तिने घोडा उचलला आणि ठेवला. मात, असं म्हणाली. हा घोडा दोन्ही कानांचा होता.

दादा बराच वेळ राजाभोवतीची घरं चाचपत होता. हत्ती, प्यादं, प्यादं. मग म्हणाला, “त्या दिवशीही होती. मला दिसली होती.”

हे ऐकण्यासाठी तिने काय दिलं असतं एकेकाळी! आता तिने नुसती मान हलवली. “मग बोलला का नाहीस?”

“चौदा वर्षांचा होतो.”

“नंतर साठ वर्षांचाही झालास.”

वहिनी म्हणाली, “अगं,” आणि थांबली. पट्टीबाईने वहिनीने बाजूला ठेवलेल्या पिशवीतून डबा काढला आणि पटाशेजारी ठेवला. “यात तुझ्या चिठ्ठ्या आहेत. अकरा वर्षांच्या. जिथे जिथे मी बदल केला तिथे लाल पेन्सिलीने केलाय. हा डबा सकाळी संपादकांच्या टेबलावर उघडला असता तर मला इथवर यावंच लागलं नसतं. उघडला नाही. तुझा तू ठेव. जाळ, फेक, काय करायचं ते कर.”

“मग तुझ्याकडे पुरावा काय राहिला?”

“काही नाही. पण सही मी करणार नाही. आणि पुढचा डाव मी मांडणार, खाली नाव माझं.”

“नाही छापला त्यांनी तर?”

“तर दुसरीकडे मांडीन. चौसष्ट घरं कुठेही आखता येतात मला.”

दादाने डब्यावर हात ठेवला. झाकण उघडलं नाही. उघडून त्याला काय दिसणार होतं? मग तो म्हणाला, “कचेरीला फोन लावून दे.” आणि कोणी हललं नाही तेव्हा, भिंतीकडे तोंड करून, “आकडे दिसत नाहीत मला. दीड वर्ष झालं.”

वहिनीच्या हातातले पेले एकमेकांवर किणकिणले. “आणि मला दिवे लावायला सांगत होतात!” ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. पट्टीबाईने फोन उचलला, नंबर फिरवला, घंटी वाजायला लागल्यावर रिसीव्हर दादाच्या हातात दिला, त्याची बोटं नीट त्यावर बसली का ते बघितलं आणि पिशवी खांद्याला लावली. काय बोलतो ते ऐकायला ती थांबणार नव्हती. तो काहीही बोलला तरी तिची उद्याची चाल बदलणार नव्हती. पण दार ओढून घेताना तिला तो दिसला. एका हातात रिसीव्हर, आणि दुसऱ्या हाताची बोटं पटावरच्या घोड्यावर, तो पडू नये म्हणून धरल्यासारखी. पट त्याने आवरला नव्हता. “नाही नाही, संपादकसाहेब,” तो म्हणत होता, “प्यादं बरोबर घरात होतं.”

खाली बसच्या थांब्यावरचं बाकडं रिकामं होतं. तिने पिशवीतून तो कागद काढला, चारही घड्या उलगडल्या आणि उलटा करून मांडीवरच्या पिशवीवर ठेवला. पाठ कोरी होती आणि कागद चांगला जाड होता. बस आली. वाहकाने विचारलं, येताय का बाई? तिने हातानेच नाही म्हटलं, पट्टी लावली आणि पहिली रेघ ओढली.